हात हलवणारी बाई

“ती हात हलवणारी बाई कुठल्या वळणावर दिसते हो?” लीड्सहून आलेल्या बाईंनी मागच्या सीटवरून विचारलं आणि गाडी चालवणाऱ्या कीथ गार्बटनं आरशावरची नजर चटकन काढून घेतली. कारण ती बाई गाडीतच होती. त्याच्या अगदी पाठीमागच्या सीटवर, मांडीवर पर्स घेऊन.

ऑड्री डाउसन. माळावरच्या हॅगडेल गावातलं रस्त्यालगतचं शेवटचं घर तिचं. सकाळी पिकरिंगच्या बाजारचौकात ती सहलीचं तिकीट घेऊन चढली, तेव्हा कीथला बरंच वाटलं होतं. व्हिटबीची बहीण घर सांभाळायला आली असेल, म्हणून बिचारीची एक दिवस सुटका झाली असेल. “रोज तुझी गाडी बाहेरून बघते, आज म्हटलं आतून बघावी,” एवढंच ती म्हणाली. पुढे काय येणार आहे हे त्याच्या लक्षात आलं, तोवर पिकरिंग मागे पडलं होतं.

कीथ साठीच्या पुढचा. तीस वर्षं त्यानं शाळेची बस चालवली आणि त्यानंतर ही सोळा सीटची गाडी धरली. खेड्यांतून, माळावरून, बाजारगावांतून लोकांना फिरवायचं आणि माईकवर चार गोष्टी सांगायच्या. मागच्या शरदात एक दिवस असं धुकं पडलं, की पुढची मेंढीसुद्धा दिसेना. प्रवासी कुरकुरायला लागले. तेवढ्यात हॅगडेलच्या फाटकाशी ऑड्री दिसली. नेहमीसारखा तिनं हात हलवला आणि कीथच्या तोंडून गोष्ट निघून गेली. हिचा नवरा बर्फाच्या वादळात मेंढ्या शोधायला गेला तो परत आला नाही, तेव्हापासून ही येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करते.

गाडीत एकदम शांतता पसरली. कुणीतरी नाक ओढलं. ती शांतता कीथला आवडली. आयुष्यात त्याच्या बोलण्यानं कुणी असं गप्प झालं नव्हतं. मग गोष्ट रोज थोडी थोडी वाढत गेली. एकटाच परत आलेला कुत्रा आला, विझू न दिलेला कंदील आला. ऑड्रीचा नवरा सिरिल अर्धांगाचा झटका येऊन तीन वर्षं त्याच घराच्या पुढच्या खोलीत बसून आहे, हे त्याला ठाऊक होतं. पण माळावरची बाई, तिच्या कानावर कशाला जातंय, असं त्यानं मनाला समजावलं होतं.

“आज दिसायची नाही बहुतेक,” तो आता म्हणाला. “कुठं तरी गेली असेल.”

लीड्सच्या बाई हिरमुसल्या. ओळखीच्यांकडून गोष्ट ऐकून त्यांनी फुलं आणली होती. निदान फाटकाशी ठेवू द्या, म्हणाल्या. नाही कसं म्हणणार? कीथनं गाडी थांबवली. ऑगस्टमधली हेदरची जांभळी झुडपं चारी बाजूंनी फुलली होती आणि त्यात ते बुटकं दगडी घर. बाईंनी फुलं फाटकाशी टेकवली, क्षणभर मान खाली घातली आणि परत चढताना विचारलं, “खिडकीत कुणी म्हातारा बसलाय, तो कोण?”

कीथनं आरशात पाहिलं. ऑड्री समोर बघत होती.

“भाऊ असेल तिचा,” तो म्हणाला.

पुढचे दहा मैल कीथनं माईकला हात लावला नाही.

हेल्म्सलीच्या चौकात सगळे चहाला, आल्याचा केक घ्यायला उतरले. ऑड्री बसूनच राहिली. कीथही उतरू शकला नाही.

“भाऊ काय रे, कीथ?” ती म्हणाली. आवाज चढवलेला नव्हता. चढवला असता तर त्याला सोपं गेलं असतं.

ती सांगत गेली. वसंतापासून फाटकाशी फुलं यायला लागली. मग सांत्वनाची कार्डं आली. आधी वाटलं, कुणाचा तरी घोटाळा होतोय. कार्डं ती सिरिलपासून लपवून ठेवायची. पण एक दिवस ती मागे कपडे वाळत घालत असताना पोस्टमननं एक कार्ड सिरिलच्याच हातात दिलं. सिरिलची वाचा गेली होती, पण वाचता येत होतं. डाव्या हातानं तो पाटीवर लिहायचा.

“त्यानं लिहिलं, ‘मी कधी मेलो?’ मला हसू आलं. मला वाटलं, तोही हसेल. तीन दिवस जेवला नाही तो.”

“मिसेस डाउसन, मी...”

“आणि मी गाड्यांना हात करत नाही रे बाबा. दिवसात वीस गाड्या जातात. मी तुला हात करायचे. ओळखीचं माणूस तेवढं एकच दिसायचं.”

परतीच्या वाटेवर खरं काय ते सांगून टाकावं म्हणून कीथनं दोनदा माईक उचलला आणि दोनदा ठेवून दिला. लीड्सच्या बाई झोपल्या होत्या.

दुसऱ्या दिवसापासून हॅगडेल आलं की तो गप्प बसायला लागला. फाटकाशी कुणी नसायचं.

रविवारी सुट्टी होती. तो रिकामी गाडी घेऊन डाउसनांच्या दारात गेला आणि टोपी हातात घेऊन सिरिलसमोर उभा राहिला. रात्रभर जुळवलेली वाक्यं आठवेनात. “मी तुम्हाला मारून टाकलं,” एवढंच त्याला म्हणता आलं. सिरिलनं पाटी ओढली. ‘गाडी आणलीस का?’

कीथ आणि ऑड्रीनं मिळून त्याला पुढच्या सीटवर बसवलं. या भागातल्या, चुना न लावता नुसत्या दगडावर दगड बसवलेल्या कोरड्या भिंती रचण्यात सिरिलची चाळीस वर्षं गेली होती, हे ऑड्रीनं वाटेत सांगितलं. कीथनं या भिंती रोज पाहिल्या होत्या, त्यांच्याबद्दल माईकवर एक शब्द बोलला नव्हता. सिरिल बोट दाखवायचा आणि ऑड्री मागून सांगायची, ही त्याची, ही त्याच्या वडलांची, ही कुणा अडाण्याची.

चढावर सिरिलनं हात वर केला. गाडी थांबली. मेंढ्यांनी ओलांडताना भिंतीतला एक दगड पाडला होता. कीथ उतरला, दगड उचलून खाचेत बसवला. सिरिलनं काचेआडून नाही म्हणून मान हलवली. कीथनं दगड फिरवून बसवला. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा उलटा केला. सिरिलनं पाटीवर काहीतरी लिहिलं आणि ऑड्रीनं काच खाली करून वाचलं.

“राहू दे म्हणतोय. चुकीचा बसलेला दगड शेजारच्या दहांना घेऊन पडतो.”

कीथनं दगड पुन्हा खाचेतून काढून छातीशी धरला. मग त्यानं तो भिंतीच्या पायथ्याशी गवतावर ठेवला, हात पँटला पुसले आणि गाडीत येऊन बसला.