एकेचाळीस नंबरची बशी

आमच्या लेकीच्या, तुरिदच्या मुलाचा बाप्तिस्मा झाला, त्याच वर्षी ईस्टरच्या सुट्टीनंतर प्रयोगशाळेतल्या येर्मुंडने जंतूंच्या बश्यांची हवाबंद बरणी उचलली आणि म्हणाला, ‘अरे देवा! झाकण नीट लागलंच नव्हतं.’

त्याचं नाक अजून उन्हाने सोललेलं होतं. ईस्टरला सगळं बर्गन शहर डोंगरातल्या बर्फावर जातं. निघायच्या घाईत झाकण त्यानेच लावलं होतं. पोटातल्या या जंतूंना मोकळी हवा सोसत नाही.

मी तिथे घोड्याचं रक्त घातलेली खळ बश्यांत ओतायचे. ते जंतूंचं जेवण; ते संपत आलं की त्यांना नव्या बशीवर हलवायचं. एकेचाळीस नंबरच्या बशीत माझ्या नवऱ्याच्या, एलिफच्या पोटातले जंतू होते. एलिफ गोदीत वेल्डर होता. तपासणीत पोटाचा कण काढू देताना म्हणाला होता, ‘घ्या, आमच्याकडे भाडेकरू आहेत म्हणे.’ पुढे तिथेच कॅन्सर झाला. तो गेला, भाडेकरू राहिले.

त्यांच्या उबेच्या कपाटाचं दार उघडलं की अंगाच्या उबेएवढी हवा तोंडावर यायची. अंथरुणात शेजारी एलिफने कूस बदलल्यावर यायची, तशीच.

‘यांच्या गोठवून ठेवलेल्या कुप्या आहेत ना?’ मी विचारलं.

‘संपल्या. सुट्टीनंतर भरणार होतो.’

त्याने मला सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. एरवी मळसूत्रासारखे वळवळणारे जंतू गोल होऊन गप्प पडले होते.

‘मेले?’

‘सांगता येत नाही. उपासमार झाली, हवा लागली की हे अंग आखडून घेतात. नेहमीची प्रथिनं बनवायचं सोडतात, तग धरायला दुसरीच बनवतात. आत जीव असेलही. पण हाकेला ओ देत नाहीत.’

शेवटच्या महिन्यात एलिफ गुडघे पोटाशी घेऊन भिंतीकडे तोंड करून पडायचा. हाक मारली तरी वळायचा नाही. चमचा ओठाशी नेला की पापणी तेवढी हलायची.

‘नव्या बशीवर ठेवू त्यांना,’ मी म्हणाले.

‘बोर्गहिल्ड, उपयोग नाही गं.’

‘ठेव म्हटलं ना. आणि झाकण मी लावीन. तुझा भरवसा नाही.’

तुरिदला कळलं तेव्हा ती चिडली. ‘आई, त्यांनीच बाबांना खाल्लं. आणि तू त्यांना जेवू घालतेस?’

‘तुझ्या बाबांचं जिवंत असं दुसरं काय उरलंय?’

मांडीवरच्या बाळाचं टोपडं तिने उगाच सारखं केलं.

पुढचे कितीतरी दिवस मी बशी उजेडात धरून पाहिली. ती लाल आणि स्वच्छच राहिली. एक ठिपका उगवला नाही.

टाकाऊ बश्यांतले जंतू मारायला त्या वाफेच्या भांड्यात घालणं माझंच काम. येर्मुंड म्हणाला, ‘आज मी घालतो.’

‘नको. तुला झाकण लावता येत नाही.’

भांड्याच्या झाकणाचे स्क्रू मी हातांनी आवळले. आत घातले तेव्हा एलिफचे जंतू मेलेले होते की नुसते गप्प होते, ते मला अजून माहीत नाही.

माझा नवरा एलिफ १९९६च्या नोव्हेंबरात वारला. त्याचे जंतू २००१च्या मे महिन्यात.