सरूबाईच्या मुठीतली सुरी

मित्रांनो, घाबरू नका, जवळ या. मी एक सुरी आहे. जुनी झाले असले तरी माझी धार अजून शाबूत आहे, तेव्हा तेवढी बोटं जपा.

माझा जन्म कारखान्यात झाला. एकाच साच्यातल्या हजारो बहिणींसारखी मीही होते, जाड पात्याची आणि काळ्या प्लास्टिकच्या गुळगुळीत मुठीची. भाईंदर पश्चिमेच्या बाजारातून नीलेशने मला त्याच्या आईसाठी घेतलं. त्याची आई सरूबाई त्याच बाजारात मासळी विकायची. कोयत्याने अंगठ्याची शीर कापली गेल्यापासून तिच्या उजव्या हातात जोर राहिला नव्हता. जड कोयता तिला पेलवेना, आणि मासा कापून दिल्याशिवाय गिऱ्हाईक थांबत नाही. तिच्या बसायच्या जागेवर आता शेजारच्या बाईचा डोळा होता.

पहिल्याच दिवशी माशाच्या पाण्याने माझी मूठ बुळबुळीत झाली आणि मी तिच्या हातात फिरले. तिच्या तळव्यावर लाल रेघ उमटली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"नीलेश, ही मुठीत ऱ्हात न्हाय रं," सरूबाई म्हणाली. "जाऊ दे, जागा सोडते मी."

"थांब ना आई. हिची मूठच बदलून देतो. रविवारपर्यंत दम धर, मग काय ते ठरव."

नीलेश भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशच्या चाकावर काम करायचा. जेवणाच्या सुट्टीत त्याने माझी प्लास्टिकची मूठ कापून काढली. मी उघडी पडले, लाजेने अर्धी झाले. मग त्याने जुन्या पलंगाच्या शिसवी पायाचे दोन तुकडे तासले, माझ्या दोन्ही बाजूंना चिकटवले आणि पितळेच्या खिळ्यांनी पक्के केले. इथवर सगळं छान चाललं होतं.

पुढे तो मला चाकावर घेऊन गेला. भांड्याला धार नसते, त्यामुळे भांडी धरायच्या सवयीने त्याने माझी धार चाकाच्या तोंडालाच दिली. गरगरत्या चाकाने मला हिसडा मारला. मी त्याच्या कानाजवळून उडाले आणि पत्र्याच्या भिंतीवर आदळले.

"अरे नीलेश! गर्दन जाती अभी!" शेजारच्या चाकावरचा चंदन ओरडला.

नीलेशचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो पाणी प्यायला. मग त्याने माझ्या धारेवर जाड चिकटपट्टी गुंडाळली, मला उलटं धरलं आणि पुन्हा चाक सुरू केलं. संध्याकाळपर्यंत माझं पातं आणि मूठ दोन्ही आरशासारखी झाली. अख्खा कारखाना मला हातात घेऊन बघत होता. मी तर हवेतच होते.

रविवारी बाजार भरला. मनोरमाताई नावाचं जुनं गिऱ्हाईक समोर उभं होतं. "मावशी, ही सुरमई कापून द्या ना, पाहुणे यायचेत." सरूबाईने मला उचललं. नीलेश मागेच उभा होता. तिचा हात ओला होता आणि माझी चकचकीत मूठ प्लास्टिकपेक्षाही निसरडी झाली होती! तिने जोर दिला तशी मी फिरू लागले. तिचा अंगठा माझ्या धारेकडे सरकत होता आणि मला थांबता येत नव्हतं.

तिने मला सोडून दिलं. शेजारची बाई बघत होती.

"माझ्याच्यानं व्हायचं न्हाय आता," ती हळूच म्हणाली.

नीलेश तिच्यासमोर उकिडवा बसला. "आई, हात दाखव बघू." त्याने मला इतकं चमकवलं, पण ज्या हातासाठी चमकवलं तो एकदाही पाहिला नव्हता. तो उठून समोरच्या दुकानातून कानस घेऊन आला आणि तिथेच, बाजारात, माझी मूठ घासू लागला. माझी सगळी चकाकी त्या ओल्या जमिनीवर भुगा होऊन पडली. मला रडू येत होतं. अंगठ्यासाठी त्याने खाच केली, बोटांखाली आडव्या-उभ्या रेघा कोरल्या. थोडं घासायचा, माशाच्या पाण्यात बुडवायचा आणि मला तिच्या हातात द्यायचा.

"आता?"

"फिरतेय."

"आता?"

"अजून फिरतेय रं."

मनोरमाताईंनी दोनदा घड्याळ पाहिलं, पण त्या गेल्या नाहीत.

"आता?"

सरूबाईने सुरमई ओढून घेतली. तिचा अंगठा खाचेत टेकला. मी घट्ट बसले होते. पहिली तुकडी फळीवर पडली, मग दुसरी, मग तिसरी.

मित्रांनो, वापरून झालं की मला धुऊन, पुसून, खोबरेल तेलाचं बोट लावून ठेवा. आणि कोणासाठी काही छान करायला घ्याल, तेव्हा आधी त्याचा हात हातात घेऊन बघा. इतकंच माझं मागणं आहे.

त्या दिवशी मनोरमाताईंची सुरमई कापून झाली तरी नीलेश तिथेच बसून होता. सरूबाईने मान वर न करताच त्याला कोपराने ढकललं.

"सरक बाजूला. गिऱ्हाईक खोळंबलंय."