यादी पुसली, ओळ राहिली

“आधी दारावरची ओळ काढायची, मग यादी पुसायची. उलटं केलंस तर घात होईल हो.” आधी हेच काम करणाऱ्या थोरल्या बाईंनी आपल्या निवृत्तीच्या आठवड्यात हे इतक्यांदा सांगितलं, की नव्या इंजिनीअरला ते पाठ झालं. पाठ झालेलं माणूस ऐकेनासा होतो, तसंच त्याचं झालं.

दवाखान्यांच्या मुख्य कचेरीतला राउटर तो सांभाळायचा. राउटर म्हणजे चौकातला शिपाई. कुठला निरोप कुठल्या वाटेने न्यायचा ते तो ठरवतो. कोणत्या वाटा खुल्या, कोणत्या बंद, याच्या याद्या त्यात असतात. आणि दवाखान्यांकडे जाणाऱ्या दारावर एक ओळ असते: अमुक यादी बघून सोडा.

त्या सकाळी त्याने जुनी अडगळ काढायला घेतली. यादी पुसली, ओळ तशीच राहिली. ओळ म्हणे यादी बघा, आणि यादीचा तर पत्ता नाही. त्या यंत्राने सरसकट सगळ्यांनाच अडवलं. अकरा दवाखाने तुटले. चूक सापडून निस्तरेपर्यंत चाळीस मिनिटं गेली.

“कशाने झालं?” मोठ्या साहेबांनी विचारलं.

“काल केबलवाले काका टोकाच्या दवाखान्यात गेले होते. तार हलली असेल, त्याने सगळी लाइन बसली.”

“त्यांचं वय झालं आता. उद्यापासून नको म्हणावं त्यांना.”

इंजिनीअर काही बोलला नाही. वाचकहो, खोटं एका वाक्याचं होतं. पुढचं सगळं त्या गप्प बसण्याने केलं.

दुपारी टोकाच्या दवाखान्यातून सिस्टरांचा इंजिनीअरला फोन आला.

“साहेब, सकाळी एक बाळंतीण अडली होती. तिचा रक्तगट तुमच्या यंत्रात, आणि यंत्र बंद. पुन्हा रक्त काढून तपासलं, मग बाटली लावली. मायलेकरं सुखरूप आहेत, देवाची कृपा. पण काका इथे पायरीवर बसलेत. म्हणतात, मी तारेला बोटही लावलं नाही, नुसतं बघून गेलो.”

“वयाने विसरत असतील, सिस्टर.”

“विसरतात ना. चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधतात. पण तारेचं विसरत नाहीत. आमच्याकडे औषध चुकलं, तर आधी चूक सांगायची, लाज मागाहून. का माहितीये? लपवलं तर तेच चुकीचं औषध पुढच्या पेशंटला जातं. तुम्ही काकांना घालवाल. मग पुन्हा असं झालं, की सगळे तार तपासत बसतील. तेवढा वेळ बाळंतिणीकडे असतो का हो?”

“यादी मी पुसली होती,” तो शेवटी म्हणाला. मग तेच वाक्य घेऊन तो मोठ्या साहेबांच्या खोलीत गेला.

साहेबांनी पेनाचं टोपण उघडलं. “तुझ्या कामाच्या नोंदीत हे लागेल.”

“लागू द्या. काकांच्या नोंदीत नको.”

साहेबांनी काकांना स्वतः फोन केला आणि उद्या नेहमीसारखं कामावर यायला सांगितलं. संध्याकाळी इंजिनीअरने सिस्टरांना सांगितलं, “अजून नऊ याद्या काढायच्या आहेत. ज्या दवाखान्याची यादी, तिथे जाऊन विचारल्याशिवाय एकीलाही हात लावणार नाही. पहिल्यांदा तुमच्याकडे येतो.”

“या. पण सकाळी लवकर या, दहानंतर मला श्वास घ्यायला फुरसत नसते.”

आपल्या घरांत, कचेऱ्यांत काही बिघडलं, की आपली नजर आधी दुसऱ्याच्या हातांकडे जाते. निर्दोष माणूस त्यात भरडला जातोच, आणि खरी चूक जागच्या जागी राहून पुढच्याची वाट बघते. चूक कबूल करणं हा केवळ मनाचा मोठेपणा नव्हे. ज्यांना आपण कधी पाहणारही नाही, त्यांच्या जिवाची ती राखण आहे.

दुसऱ्या दिवशी उजाडताच इंजिनीअरने नऊ याद्या कागदावर उतरवून घेतल्या, कचेरीचं दार हलकेच ओढून घेतलं, आणि टोकाच्या दवाखान्याची पहिली बस धरायला तो निघाला.