खाऱ्या विहिरीचं गोड पाणी

"गोड झालं वं बाई! साखरेवाणी गोड!"

विहिरीच्या कठड्याशी बायकांची झुंबड उडाली होती. अकोल्याच्या हद्दीवर, खारपाणपट्ट्यात वसलेली ही धनश्री कॉलनी. इथल्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. तेच पाणी माणसं गटागटा पीत होती आणि जलेश्वर महाराजांचा जयजयकार करत होती.

निळी शाल पांघरलेले महाराज पाटावरून गरजत होते, "प्रसाद जिभेवर धरा! नाम घ्या! मग गंगामैया तुमच्या मुखात उतरेल. ज्याच्या मनात पाप, त्यालाच पाणी खारट लागेल!"

साहजिकच, कुणालाच खारट लागत नव्हतं.

माया मागे उभी होती. ती अमरावतीच्या कॉलेजात पाणीपुरवठ्याचं शास्त्र शिकवायची. पावसानं लागोपाठ दगा दिला, ऊन आणखी चढलं आणि वस्ती अशीच फुगत गेली, तर शहराला पाणी देणारं धरण कुठवर पुरेल, हे तपासायला ती अकोल्यात आली होती. उतरली होती पार्वताबाईंकडे, आपल्या मावशीकडे. मावशीची मूत्रपिंडं अधू. डॉक्टरांनी विहिरीचं पाणी वर्ज्य केलेलं. पण टँकरचं पाणी सोडून तिनं आठवडाभर हेच चालवलं होतं आणि आता तिचे पाय टम्म सुजले होते.

"मावशी, डॉक्टरनं नाही म्हटलं ना? काहून पिऊन राहिली?"

"त्यायनं खारं नको म्हटलं. हे गोड हाय. तू चाखून तं पाह्य!"

तेवढ्यात नगरसेवक गजेंद्रभाऊंनी माइक ओढला. "देवानंच सोय केली! आता पाइपलाइन कायले पाहिजे? उद्यापासून टँकरबी बंद!"

लोकांनी टाळ्या पिटल्या. मायाला शिसारी आली. दर निवडणुकीत पाइपलाइनचं गाजर दाखवणारा हा माणूस, आणि तहानलेले लोकच त्याच्या सुटकेसाठी टाळ्या वाजवत होते!

तिनं प्रसाद घेतला. राखेत मिसळलेली काळसर भुकटी. आंबट, तुरट. वर विहिरीचं पाणी प्यायली. गोड! क्षणभर तीही चपापली. मग पिशवीतल्या बाटलीतलं विकतचं साधं पाणी प्यायली. तेही गोड! आणि तिला चव ओळखू आली.

ती तडक पुढे गेली. "महाराज, प्रसाद न घेता एक ग्लास तुम्ही प्या."

"आज आमचं जलत्यागाचं व्रत आहे."

"बरं. दुसरं कोणी?"

पापी ठरायला कोण पुढे येणार? शेवटी पार्वताबाई पाय ओढत आली. "मी पितो. सकाळपासून प्रसाद घेतला नाही मी."

तिनं एक घोट घेतला आणि थुंकला. "अवं, हे तं खारंच हाय!"

"मनात पाप!" महाराज ओरडले.

"थांबा," माया म्हणाली. तिनं शेजारच्या शकुनकडून आवळ्याची सुपारी मागवून मावशीला चघळायला दिली. नाम नाही, मंत्र नाही. मग पुन्हा एक घोट.

मावशी थिजली. "गोड लागते वं!"

"आवळा खाल्ल्यावर पाणी गोड लागतं, हे तुमच्यातल्या प्रत्येकाला लहानपणापासून ठाऊक आहे," माया संतापानं म्हणाली. "यानं आवळ्यात राख कालवली आणि तुम्ही ते विसरलात! आवळ्यानं जीभ फसते, मूत्रपिंड फसत नाही. क्षार पाण्यातच आहेत. पाहा मावशीचे पाय!"

शकुननं महाराजांपुढे ग्लास धरला. "प्या आता! कायचं व्रत?" महाराजांनी शाल सावरली आणि पाट तिथेच टाकून गाडी गाठली. गजेंद्रभाऊ कानाला फोन लावून सटकू लागले, तेव्हा बायकांनी त्यांची वाट अडवली. "टँकर बंद करतो म्हणे? बोला आता!"

माया मावशीला दवाखान्यात घेऊन गेली. सूज उतरायला बरेच दिवस लागले. एवढं होऊनही काही जण म्हणतच होते, "पण महाराजांच्या हाताले काहीतरी गुण होता." ते ऐकून मायाला महाराजांपेक्षा या शहाण्यांचीच जास्त किळस यायची.

पुढची वर्षं कठीण आहेत. ऊन वाढेल, पाऊस लहरी होईल, शहरं वाढतील. तेव्हा पाणी कुठून येणार, ते पिण्याजोगं आहे का, हे तपासून घ्या आणि निवडून दिलेल्यांना जाब विचारा. तहान खरी आहे; तिच्यावरचा उपायही खराच मागा.