विहिरीवरचं सुंबरान

करमाडच्या अलीकडं, कंपन्यांच्या मागच्या माळावर पन्नासेक घरांची वस्ती होती, आणि जितकी घरं तितकी गावं. दुष्काळाचं तिसरं वर्ष. टँकर आठवड्यातून एकदा यायचा आणि भांडणं लावून जायचा. वस्तीच्या कडेला गाळानं भरलेली जुनी विहीर होती. जमिनीचा मालक तिथं प्लॉट पाडायला निघालेला. त्यानं बजावलं होतं, "शनिवारपर्यंत पाणी दाखवा, विहीर ठेवतो. नाहीतर रविवारी बुजवतो."

बुधवारी चाळीस माणसं गाळ काढायला उतरली. गुरुवारी मुंजाबानं ढोल काढला. मुंजाबा धनगर, मेंढरं विकून शहराच्या आसऱ्याला आला, पण ढोल काही विकला नव्हता. हात चालवायचे तर ओवी पाहिजे आणि ओवीआधी सुंबरान, म्हणजे देवांना बोलावणं. त्यानं बिरोबाला हाक दिली, मग आपल्या रानातल्या म्हसोबाला, ताईआईला. गळा झकास लागला.

शुक्रवारी मात्र विहिरीवर अकराच माणसं.

"बाकीचे कुठंयत?" मुंजाबानं विचारलं.

अजिंठ्याकडचा कडुबा काठावरूनच बोलला, "तुमचे देव आलते की काल. त्यांनाच लावा गाळ काढाया!"

मुंजाबा घरी आला, भिंतीला टेकून बसला. त्याच्या बायकोनं, म्हाळसाबाईनं भाकरी थापता थापताच सुनावलं, "सगळ्यांना जेवायला बोलावलं आन पत्रावळ निस्ती सोयऱ्यांपुढं मांडली. काय म्हणावं तुमाला!"

तिचं खरं होतं. बसलेल्यांतल्या एकाचाही देव सुटला, की सुंबरान मोडतं, हे बापानं शिकवलेलं. पण मेंढरांच्या तळावर सगळ्यांचे देव एकच. विचारायची वेळच कधी आली नव्हती.

तो उठला आणि दारोदार निघाला. "तुमचं दैवत कंचं? कुठं बसलंय?"

कडुबानं आधी आढेवेढे घेतले. "वाघूरच्या काठाला मरीआई हाय आमची. पर तुमाला काय करायचंय?"

"तिला बोलवायचंय. वाट कशी हाय तिची? चढाची का उताराची?"

मग कडुबा तासभर वाटच सांगत बसला.

शेखमिस्त्री थापी धूत होता. हसला. "हमारे पीर को भी बुलाते क्या, मुंजाबा? खुलताबाद से आना पडेगा उनको."

"येतील की. उतारच हाय."

पैठणकडची आशाबाई मात्र अंगण झाडत राहिली. मग म्हणाली, "आमचं गाव धरणात गेलं, भाऊ. सटवाई बी गेली पाण्याखाली. बुडाल्या देवाला कोण बोलवतंय?"

"मी बोलवतो," मुंजाबा म्हणाला.

शनिवारी उजाडता ढोल वाजला. सगळी वस्ती आली. काही कामाला, काही नुसती खोड काढायला. मुंजाबानं एकेकाचं दैवत त्याच्या वाटेसकट हाकारलं. मरीआई वाघूर ओलांडून आली, तसा कडुबानं न सांगता शेवटची ओळ उचलली. पीर खुलताबादचा घाट उतरले आणि शेखमिस्त्रीचा जाडा आवाज मागं लागला. मग मुंजाबानं स्वर खाली घेतला:

"पाण्यामंदी गाव गेलं, सटवाई राहिली,
आशाबाईच्या येण्याची वाट तिनं पाहिली..."

आशाबाई हातात पाटी घेऊन उभीच राहिली. तिनं ओळ धरली ती रडक्या आवाजात नव्हे, हुकूम सोडल्यासारखी. तिच्यामागं बाया, बायांमागं गडी. कालपर्यंत टँकरच्या नळीला झोंबणारे हात आता एकमेकांच्या हातात पाट्या देत होते. कुणाचा ठेका चुकला की वरून शिवी यायची आणि खालून हशा. दुपार टळली, कुणी हललं नाही. मुंजाबाच्या बोटांना फोड आले. म्हाळसाबाईनं फडकं बांधलं आणि म्हणाली, "वाजवा. आता थांबलात तर मलाच गावं लागंल, आन मग सगळे पळतील."

दिवस कलताना तळातून आशाबाईचा आवाज आला, "पाय गार पडले माझे!"

कपारीतून बोटाएवढी धार निघाली होती. कुणी ओरडलं नाही. ओवी चालूच होती, फक्त चढत गेली.

मालक मोटरसायकलवरून आला तेव्हा काठाला उभं राहायला जागा नव्हती. कडुबानं त्याच्या हातात भरला तांब्या दिला.

"गढूळ आहे," मालक म्हणाला.

"उद्या निवळंल. गाळ निम्माच निघालाय अजून," कडुबा म्हणाला. "जरा सरका, मालक. पाटी येऊ द्या वर."

आणि मालक सरकला.