काल्याच्या दिवसाचं तीर्थ

गावात नळ होते, बोअर होती, तरी कीर्तनकाराचे पाय धुवायला पाणी यायचं ते नाल्याच्या डोहातूनच. ही रीत कुणी घालून दिली, देव जाणे. सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी, काल्याला, यजमान जोडप्यानं डोहाचं पाणी आणायचं, पितळी परातीत महाराजांचे पाय धुवायचे आणि त्याच पाण्याचं तीर्थ आधी स्वतः घ्यायचं, मग गावाला द्यायचं.

यंदा यजमान होते सरपंच प्रफुलभाऊ. आणि त्याच दुपारी ग्रामसभाही होती.

ग्रामसभेचा विषय शेंबड्या पोरालाही पाठ होता. राजुऱ्याच्या रस्त्याला कोळशाचा डेपो आहे. ढिगाऱ्यांवरून वाहणारं पावसाचं पाणी आधी टाक्यांत अडवायचं, काळा गाळ बसू द्यायचा आणि मगच नाल्यात सोडायचं, असा नियम. पावसाळ्यापुरती त्यातून सूट मिळावी म्हणून डेपोवाल्यांची खटपट चालली होती, आणि त्यासाठी त्यांना गावाचा ठराव हवा होता. तालुक्याचे पुढारी गुलाबभाऊ यांनी प्रफुलभाऊंच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, "ठराव घेऊन टाका. जिल्हा परिषदेचं तिकीट तुमचंच. आभायातून पडते ते पाणी, त्याले कायचा नियम?"

सूट मिळायच्या आधीच टाक्यांची दारं उघडी पडली होती. नाला काळा वाहत होता.

मागच्या आठवड्यात पंचायतीच्या पायरीवर बायनाबाईनं तोंड उघडलं. ढिवराची बाई, नाल्यात झिंगे धरून लेकरं वाढवलेली, आता पंचायतीत मेंबर.

"काऊन हो सरपंच, नाल्याले काजळ कोनं घातलं?"

"अवो बाई, पावसात गढूळ होतेच ना! पाणी चांगलं आहे, मी सांगून राह्यलो ना."

"तुमी सांगता, पण झिंगे आयकत नाई!"

लोक हसले, प्रफुलभाऊही हसले. घरी जेवताना बायकोला, मंजुषाला, तेच म्हणाले, "पाणी चांगलं आहे वो. बाई उगीच राजकारण करते." मंजुषानं मान डोलावली आणि पोळी वाढली.

काल्याचा दिवस उजाडला. गोंडपिपरीकडचे खुशाल महाराज गादीवर उभे राहिले. त्यांचा आवाज म्हणजे मोहफुलांवरून आलेला पहाटेचा वारा. निघून गेला तरी गोडी मागं रेंगाळते. गुलाबभाऊंनी आधीच त्यांच्या कानाशी लागून सांगितलं होतं, "महाराज, आज डोहातल्या कालियाची कथा नको. दहीहंडी घ्या."

"बरं," महाराज हसून म्हणाले. "जशी तुमची इच्छा."

मंजुषानं कलश आणला, वरचं फडकं काढलं आणि परातीत धार धरली. प्रफुलभाऊ पाय धुऊ लागले. महाराजांच्या टाचेभोवती, परातीच्या पिवळ्या तळाशी, काळी रेघ फिरू लागली.

"हे डोहाचं आणलं?" प्रफुलभाऊ कुजबुजले.

"मंग? रीत आहे ना. फडक्यानं गाळलं बी," मंजुषा म्हणाली. "अन् तुमीच तं म्हणता, पाणी चांगलं आहे."

महाराजांनी खाली पाहिलं. मागं तीर्थासाठी लेकरांची ढकलाढकली चाललेली. खांबाशी बायनाबाई बसली होती. तिनं पदर तोंडाशी धरला.

एका घोटानं काय होते, प्रफुलभाऊंच्या मनात आलं. पिऊन टाकू आणि दुपारी ठराव मांडू. तेवढ्यात मंजुषानं डोळे मिटले, तळहातावर पाणी घेतलं आणि हात ओठांकडं नेला. तिच्या चेहऱ्यावर शंकेची सुरकुतीसुद्धा नव्हती.

प्रफुलभाऊंनी तिचं मनगट धरलं. पाणी पांढऱ्या चादरीवर सांडलं आणि डाग उमटला.

"नको घेऊ."

"अवो, तीर्थ आहे! असं कोनी करते का?"

"नको घेऊ, मंजुषा. मी खोटं बोललो."

टाळकऱ्यांचे टाळ हातातच राहिले. महाराजांनी ओले पाय परातीबाहेर घेतले, सरपंचांच्या डोक्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "झालं तीर्थ. बसा आता." मग त्यांनी कबूल केल्याप्रमाणे दहीहंडीच रंगवली. कालियाचं नावसुद्धा काढलं नाही.

दुपारी ग्रामसभेत गुलाबभाऊ पहिल्या रांगेत खाकरत बसले होते. प्रफुलभाऊ उभे राहिले.

"जे पाणी मी बायकोले पिऊ देलं नाई, ते चांगलं आहे म्हणून तुमचे हात कसे वर करायले लावू? नियम आहे तसाच राहीन. डेपोच्या टाक्यांची दारं आधी बंद करा, असा ठराव मी मांडतो."

हात वर झाले. सगळे नाही, पण पुरेसे.

"तिकीट गेलं समजा," गुलाबभाऊ उठत म्हणाले.

"जाऊ द्या, सरपंच," बायनाबाई म्हणाली. "नाला निवळला की पह्यले झिंगे तुमच्या घरी."

"बाई, माह्या गळ्यात माळ आहे!"

"मंग खाऊ नका. पाहाले तं या!"

संध्याकाळी मंजुषा ओट्यावर कलश घासत होती. सकाळपासून ती नवऱ्याशी बोलली नव्हती.

"पुढच्या साली बी डोहाचंच पाणी आणीन मी," मान वर न करता ती म्हणाली.

"आण."

"अन् आधी तुमी चाखान."

"चाखीन," प्रफुलभाऊ म्हणाले, आणि तिच्या हातातला कलश घेऊन स्वतःच घासायला बसले.