सातवे कलम

परवाना विभागात कोऱ्या कागदावरून परिपत्रक कधी निघत नसे. मागच्या वेळचे काढायचे, विषय आणि तारीख बदलायची, मधला मजकूर जमेल तितका तसाच ठेवायचा. मागच्या कागदाने कुणाला गोत्यात आणले नाही, म्हणजे पुढचाही आणणार नाही, असा त्या मजल्याचा हिशेब होता. आणि कोणता मागचा कागद कोणत्या कपाटात आहे, हे एकाच बाईंना तोंडपाठ होते. सगळे त्यांना कलमबाई म्हणत. सव्वीस वर्षांत त्यांच्या मसुद्यात एकही चूक निघाली नव्हती. ही गोष्ट त्या स्वतः कधी बोलत नसत, पण दुसऱ्या कुणी बोलले की टेबलावरचे सरळ कागद पुन्हा सरळ करत.

साथ शहरात शिरली आणि चार दिवसांत बाजार बंद झाले. पाचव्या दिवशी साडेअकराला साहेब मास्क हनुवटीवर घेऊन त्यांच्या टेबलाशी आले.

"कलमबाई, वरून ठरलंय. टपरीवाले, फेरीवाले, पथारीवाले, सगळ्यांची तीन महिन्यांची फी माफ. उशिराचा दंड माफ. परवान्याची मुदत आपोआप वाढवायची. चार वाजता सहीला हवं."

"आणि खिडक्या?"

"जन्म-मृत्यूची चालू ठेवू. बाकीचं तुम्ही बघा हो. तुम्हाला मी काय सांगणार, माशाला पोहायला शिकवू?"

कलमबाईंनी नऊ वर्षांपूर्वीच्या पुराच्या वेळचे माफीचे परिपत्रक काढले. त्यातली नऊच्या नऊ कलमे त्यांनीच लिहिली होती. पुरात लोकांचे कागद वाहून गेले होते आणि भलतेच लोक भलत्यांच्या नावावर माफी घेऊन जात होते. म्हणून सातवे कलम घातले होते: 'परवानाधारकाने मूळ परवान्यासह स्वतः उपस्थित राहून सही करावी, अन्यथा माफी ग्राह्य धरली जाणार नाही.' त्या कलमाने तेव्हा बरीच लबाडी थांबली होती. साहेबांच्या आधीच्या साहेबांनी सगळ्या विभागासमोर त्यांचे कौतुक केले होते.

त्यांची एक सवय होती. प्रत्येक कलम वाचून झाले की समासात पेन्सिलीने बारीकशी बरोबरची खूण करायची. एक, दोन, तीन करत त्या सातव्याशी आल्या आणि पेन्सिल थांबली. टीव्हीवर सकाळपासून घरात बसा, घरात बसा चालले होते. पण सातवे कलम काढायचे, तर ओळख कशी पटवायची याचे नवे कलम लिहावे लागणार. नवे कलम म्हणजे विधी विभागाची मान्यता आणि दोन दिवसांची रखडपट्टी. घड्याळात चारला वीस मिनिटे होती. त्यांनी खूण केली आणि आठव्याकडे वळल्या.

चार वाजता पाच जणांनी खाली सह्या केल्या. एकानेही वाचले नाही. कलमबाईंचा मसुदा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, वाचायचे काय त्यात?

दुसऱ्या दिवशी परिपत्रक पेपरात आले, आणि संध्याकाळी कलमबाईंच्या घरी किल्लीदादांचा फोन आला. कार्यालयाच्या जिन्याखाली त्यांचा पत्र्याचा डबा आणि किल्ल्या घासायचे यंत्र एकोणीस वर्षे मांडलेले होते. इमारतीतल्या कुठल्याही कपाटाची किल्ली हरवली की त्यांनाच हाक मारायची.

"ताई, टीव्हीवाले म्हणतात दाराबाहेर पाऊल टाकू नका, आणि तुमच्या कागदावर लिहिलंय स्वतः हजर व्हा. कुणाचं ऐकू?"

कलमबाईंना कागद काढून बघायची गरजही वाटली नाही. "लिहिलंय तर यावं लागेल, दादा. लवकर या, गर्दी व्हायच्या आत."

"आमची मंडळी नको म्हणतायत. म्हणतात, माफी गेली खड्ड्यात."

"पुढे परवान्याला अडचण नको ना." आणि मग त्यांना आठवले. कालच्या जंतुनाशक फवारणीच्या गडबडीत त्यांच्या कपाटाची किल्ली कुठेतरी पडली होती. कालचे सगळे कागद आतच अडकले होते. "आणि येताच आहात, तर माझ्या कपाटाची किल्ली करून आणा. माप आहे ना तुमच्याकडे?"

"माप डोक्यात असतं आमच्या," किल्लीदादा हसले. "येतो. तुमचा शब्द म्हणजे कुलूप लागलं, आता ओढून बघायचं नाही."

गर्दी व्हायच्या आत यायचे, असे सगळ्यांनीच ठरवले होते. त्यामुळे सकाळी सातलाच फाटकाबाहेर सहाशे माणसे उभी होती. दरवाजावर असणारे पहारेकरी, ज्यांना सगळे गेटमामा म्हणत, त्यांनी पहाटे येऊन फाटकाबाहेरच्या फरशीवर खडूने चाळीस गोल काढले होते. चाळीस गोल, सहाशे माणसे. "एका गोलात एकच!" असे ओरडून ओरडून त्यांचा घसा बसला. दहाच्या सुमाराला ऊन चढले, एक म्हातारी भोवळ येऊन पडली, आणि गेटमामांनी फाटक उघडून रांग आतल्या सभागृहात घेतली. आत शिरताना सकाळचा क्रम मोडला. सभागृहाच्या खिडक्या रंगाने घट्ट बसलेल्या होत्या. त्या वर्षानुवर्षे उघडल्याच नव्हत्या.

कलमबाईंनी वरच्या सज्जातून खाली पाहिले. माणसांच्या त्या गोधडीत किल्लीदादांची राखाडी टोपी दिसत होती. त्यांनीही वर पाहिले आणि खिशावर थाप मारून खूण केली, किल्ली आणलीय. पण खिडकीशी पोहोचायलाच त्यांना तीन वाजले. मग पोलिसांनी सगळ्यांना बाहेर काढले आणि वर यायचे राहून गेले.

त्याच दुपारी साहेबांनी शुद्धिपत्रक मागितले. कलमबाईंनी ते चार मिनिटांत लिहून दिले. एकच ओळ होती: सातवे कलम वगळण्यात येत आहे, माफी आपोआप लागू होईल. विधी विभागाने फोनवरच मान्यता दिली. दोन दिवसांचे काम चार मिनिटांत होते, हे कलमबाईंना सव्वीस वर्षांत प्रथमच कळले.

"मनाला काय लावून घेतेस?" रात्री घरी नवरा म्हणाला. "खाली पाच सह्या आहेत. तुझी तर सहीसुद्धा नाही."

ते खरे होते. म्हणून तर ते ऐकवत नव्हते.

त्या रांगेनंतर पंधराव्या दिवशी गेटमामांनी फाटकातच सांगितले, "बाई, आपले किल्लीदादा गेले काल." मग म्हणाले, "रांगेत बाराव्या गोलात होते. मीच उभं केलं होतं सावलीला."

निम्मे कर्मचारी घरी असल्यामुळे कलमबाईंना पाळीपाळीने मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर बसावे लागत असे. चार दिवसांनी काचेपलीकडे एक बाई येऊन उभी राहिली. तिच्या हातात रुग्णालयाचा कागद होता आणि प्लास्टिकच्या पिशवीत नीट घडी घातलेली माफीची पावती. कागदावरचा व्यवसाय मोठ्याने वाचून कलमबाईंनी मान वर केली.

"तुम्हीच ना त्या ताई?" बाई म्हणाली. "फोनवर ऐकलेल्या आवाजावरून वाटलं. ते नेहमी सांगायचे तुमचं. मी म्हणत होते नका जाऊ, तर म्हणे, ताईंना विचारलंय, त्यांनी सांगितलं म्हणजे जायलाच हवं."

कलमबाईंनी शिक्का उचलला आणि खाली ठेवला.

"बरं झालं म्हणा, माफी तरी मिळाली. आता डबा मी चालवीन म्हणते. यंत्र येतं मला चालवायला, डोळे त्यांच्यापेक्षा बरेच आहेत. परवाना माझ्या नावावर व्हायला काय लागतं?"

"अर्ज करा. बाकी मी बघते."

"स्वतः यावं लागेल?"

"नाही," कलमबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका चढला की शेजारच्या खिडकीवरच्या लिपिकाने वळून पाहिले. "यायचं नाही. अजिबात यायचं नाही."

बाईने पिशवीच्या तळातून सुतळीत ओवलेली एक किल्ली काढली आणि काचेखालच्या फटीतून आत सरकवली. "त्यांच्या शर्टाच्या खिशात होती. तुमच्याकडून पैसे घ्यायचे नाहीत, असं सांगून गेलेत."

त्या वेळी सांगता आले असते. काच मध्ये होती, मागे फक्त दोन माणसे होती, आणि बाई थांबली होती. कलमबाईंनी दाखल्यावर शिक्का मारला आणि म्हणाल्या, "पुढचे."

दुपारी साहेबांनी दार लोटून घेतले.

"वरून विचारणा आलीय. सभागृहातल्या गर्दीतून एकवीस रुग्ण, चार मृत्यू. जबाबदार कोण, ते आठ दिवसांत कळवा. मी म्हणतो, गर्दी आत घेतली कुणी? गेटमामाने. लेखी आदेश होता का त्याला? नव्हता. कारणे दाखवा नोटीस काढा त्याच्या नावाने. मसुदा उद्या द्या."

"त्यांच्या निवृत्तीला चौदा महिने राहिलेत, साहेब."

"म्हणून तर म्हणतो, त्याचं फार जाणार नाही."

"पेन्शन जाईल."

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. तेही थकलेले होते. दोन आठवडे ते घरी अंगणातल्या खोलीत वेगळे झोपत होते. "कलमबाई, कुणाचं तरी नाव घालायचंय. परिपत्रकाची फाईल मागितली तर पाच सह्या बाहेर येतील, माझी पहिली. तुमच्या कपाटाची किल्ली हरवलीय ना? मग हरवलेलीच राहू द्या थोडे दिवस."

त्या "बरं" म्हणाल्या. सव्वीस वर्षांत त्यांनी साहेबांना दुसरे काही म्हटले नव्हते.

जागेवर येऊन त्यांनी सवयीने मागची नोटीस शोधली. सहा वर्षांपूर्वी एका शिपायाला दिलेली शेजारच्या कपाटात सापडली. नाव बदलायचे, तारीख बदलायची. 'आपण वरिष्ठांच्या आदेशाविना' इथपर्यंत त्यांनी उतरवले आणि खिडकीतून खाली पाहिले. गेटमामा फाटकाबाहेरच्या रिकाम्या फरशीवर बसून बादली आणि फडक्याने खडूचे गोल पुसत होते. ते आता कुणाला नको होते. एकेक गोल पुसायला त्यांना बराच वेळ लागत होता, गुडघे दुखत असावेत.

कलमबाईंनी पर्समधून सुतळीची किल्ली काढली. कुलूप एका फेऱ्यात उघडले.

फाईल सगळ्यात वर होती. मसुद्याच्या समासात त्यांच्या पेन्सिलीच्या नऊ खुणा होत्या. सातव्या कलमासमोरची इतरांपेक्षा जरा गडद होती, पेन्सिल तिथे टेकून राहिल्यासारखी.

या कागदाला मागचा कागद नव्हता. त्यांनी कोरा कागद घेतला. बराच वेळ पहिले वाक्य सुचेना. मग लिहिले, 'परिपत्रकातील कलम सात माझ्याकडून नजरचुकीने राहिले.' वाचून पाहिले. वाक्य चांगले होते. त्या वाक्याने नोकरी वाचली असती, फार तर एक वेतनवाढ थांबली असती. गेटमामाही वाचले असते. त्यांनी 'नजरचुकीने' वर रेघ मारली आणि पुढे लिहिले, 'ते मी वाचले होते. काढायला हवे हे मला कळले होते. वेळ लागेल म्हणून काढले नाही. पहारेकऱ्यांनी लोकांना उन्हातून आत घेतले, लोकांना बोलावले मी.'

कागद साहेबांकडे न्यायच्या आधी त्या आवक शाखेत गेल्या, नोंदवहीत स्वतःच्या हाताने नोंद केली आणि कागदावर गोल शिक्का मारून घेतला.

साहेबांनी वाचले. "वेड लागलंय का? फाडा हा."

"आवक क्रमांक पडलाय, साहेब."

साहेबांनी कागदाकडे पाहिले, मग त्यांच्याकडे. नोंदवहीत शिरलेला कागद गायब करायचा म्हणजे काय काय करावे लागते, हे त्यांना कलमबाईंनीच शिकवले होते. "तुम्हाला वाटतं, यानं तुम्हाला बरं वाटेल?"

"नाही," कलमबाई म्हणाल्या. आणि खरेच वाटले नव्हते. जिना उतरताना पाय नेहमीइतकेच जड होते. जिन्याखाली पत्र्याचा डबा कुलूपबंद होता.

सगळ्यांत अवघड काम राहिले होतेच. मृत्यू नोंदणीच्या अर्जावर मोबाइल नंबर असतो. त्या रिकाम्या खिडकीशी बसल्या आणि कार्यालयाच्या फोनवरून तो फिरवला.

"ताई? इतक्या लगेच झालं परवान्याचं?"

"परवान्याचं होईल. आधी एक ऐका." त्यांनी मास्क खाली केला, मग पुन्हा वर घेतला. "त्या दिवशी दादांनी यायची गरज नव्हती. माफी घरबसल्या मिळाली असती. ते कलम चुकीचं होतं, मी लिहिलेलं. आणि मला ते माहीत होतं."

पलीकडे भांडे खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मग त्यांनी फोन केला तेव्हा 'या' का म्हणालात?"

नियम, मुदत, विधी विभाग, साहेब. उत्तरे पुष्कळ होती, सगळी आपापल्या जागी बरोबर होती.

"मला किल्ली हवी होती," कलमबाई म्हणाल्या.

बाईने फोन ठेवला नाही. कलमबाईंनीही ठेवला नाही.